साथीच्या गणितात लोकमताचा रकाना

कोविडची साथ येऊन पाच वर्षे उलटली, तरी तिच्याविषयीचा एक वाद अजून चालू आहे आणि तो ज्या रीतीने घातला जातो ती रीत मला घातक वाटते. एका बाजूचे म्हणणे असे, की साथीची गणिती मॉडेल, म्हणजे रोग कसा पसरेल याची समीकरणे, मांडणारे तज्ज्ञ तोंडघशी पडले. त्यांनी सांगितलेले लाखो मृत्यू काही देशांत झालेच नाहीत, आणि जिथे साथ ओसरली असे त्यांनी सांगितले तिथे त्यानंतर सर्वांत भीषण लाट आली. दुसरी बाजू म्हणते, की गणित बरोबर होते, लोक चुकले; त्यांनी मास्क काढले, लग्नांना गर्दी केली, अफवांवर विश्वास ठेवला. या दोन भूमिका एकमेकींच्या विरोधात उभ्या दिसतात, पण दोघींच्या मुळाशी एकच समजूत आहे. रोग वेगळा, लोकांचे मत वेगळे, आणि गणिताचा संबंध फक्त रोगाशी, अशी ती समजूत. मला ती मुळातच चुकीची वाटते. रोग लोकमत घडवतो आणि लोकमत रोगाची वाट बदलते. ही देवघेव ज्या मॉडेलमध्ये नाही ते मॉडेल तटस्थ नसते, कारण काहीही घडले तरी लोक आहेत तसेच वागत राहतील, असे एक ठाम विधान त्याने न बोलता केलेलेच असते.

या विषयाचा मुंबईशी असलेला संबंध फारसा सांगितला जात नाही. साथरोगांच्या आधुनिक गणिताचा पाया ज्या निबंधाने घातला, तो १९२७ साली एडिंबरा येथे काम करणाऱ्या दोन संशोधकांनी लिहिला. विल्यम केर्मॅक हे प्रयोगशाळेतील स्फोटात दृष्टी गमावलेले रसायनशास्त्रज्ञ होते. अँडरसन मॅकेंड्रिक हे भारतातील वैद्यकीय सेवेत अनेक वर्षे काढलेले डॉक्टर. लोकसंख्येचे तीन भाग करायचे, रोग होऊ शकणारे, रोग झालेले आणि बरे होऊन किंवा मरून साखळीतून बाहेर पडलेले, आणि माणसे एका भागातून दुसऱ्या भागात कोणत्या वेगाने जातात ते समीकरणांत लिहायचे, ही त्यांची मांडणी आजही प्रत्येक अभ्यासक्रमात पहिल्या दिवशी शिकवली जाते. ती ताडून पाहण्यासाठी त्यांनी घेतलेली आकडेवारी मुंबईतल्या प्लेगची आहे. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले दर आठवड्याचे मृत्यू टिंबांनी दाखवले आहेत, आणि आठवड्याला सुमारे नऊशे मृत्यूंपर्यंत चढून पुन्हा खाली येणारी त्यांची वक्ररेषा त्या टिंबांना जवळजवळ चिकटून जाते.

माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत बळकट मुद्दा हाच आहे आणि तो मी आधी मान्य करतो. या समीकरणांत भीती नाही, अफवा नाही, सरकारवरचा विश्वास किंवा अविश्वास नाही, आणि तरीही वक्ररेषा जुळली. मग लोकमताचा खटाटोप कशासाठी? साध्या साधनाने काम होत असेल तर अवघड साधन घेऊ नये, हा गणितातला जुना आणि शहाणा संकेत आहे. पण जुळणे म्हणजे काय, हे इथे नीट पाहायला हवे. प्लेग मुख्यत्वे उंदरांवरच्या पिसवांमुळे माणसापर्यंत येतो, हे १९०५नंतर मुंबईतच परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने पक्के केले होते. आणि मुंबईचा प्लेग दरवर्षी उन्हाळा तापू लागला की ओसरत असे. समीकरणांत मात्र ना उंदीर होता, ना ऋतू. आपली गृहीतके इथे काटेकोरपणे लागू होत नाहीत, हे लेखकांनी स्वतःच प्रामाणिकपणे नमूद केले होते. साथ उलटून गेल्यावर वीस वर्षांनी बसवलेली रेषा टिंबांवरून गेली म्हणून तिच्यामागचे कारण खरे ठरत नाही. एक चढ आणि एक उतार असलेला आकार अनेक कारणांनी तयार होऊ शकतो.

१९०५-०६ऐवजी १८९६-९७ची मुंबई घेतली असती, तर रेषा अशी सहज बसली असती का? सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर गाव सोडून गेले. १८९१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या आठ लाख वीस हजारांच्या आसपास होती. तेव्हा निम्मे म्हणजे किती, याचा अंदाज येईल. पळून गेलेल्यांमुळे शहरातली दाटी कमी झाली, म्हणजे भीतीने मुंबईतला संसर्ग काही प्रमाणात आवरला असणार. पण त्याच माणसांबरोबर, त्यांच्या गाठोड्यांबरोबर आणि रेल्वेबरोबर रोग पुण्याला, कराचीला आणि मुंबई इलाख्याच्या इतर जिल्ह्यांत पोचला. एकच भावना एका ठिकाणी रोगाला रोखते आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला पाय देते. भीती वाढली की साथ कमी होईल, असे सरळ नाते यातून निघत नाही. भीतीचे रूपांतर कोणत्या कृतीत होते, घरात थांबण्यात की गाडी पकडण्यात, यावर उत्तर अवलंबून असते.

आणखी एक गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. सक्तीने रुग्णालयात नेले जाण्याच्या भयाने लोकांनी रुग्ण लपवले, मृत्यू लपवले. रुग्णालयात गेलेला माणूस बहुधा परत येत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. प्लेगवर त्या वेळी उपचार नव्हता आणि दाखल झालेल्यांपैकी बहुसंख्य दगावत. जातीबाहेरच्या हातचे अन्नपाणी, घरच्यांची ताटातूट, परक्या पुरुषाने केलेली तपासणी, हे सारे त्यात मिसळलेले होते. ऑक्टोबर १८९६मध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. अशा शहरात सरकारदरबारी नोंदलेला रुग्णांचा आकडा हा केवळ रोगाचा आकडा उरत नाही. रोग गुणिले विश्वास, असा तो आकडा असतो. विश्वास निम्म्यावर आला तर रोग तेवढाच राहूनही नोंद निम्म्यावर येते, आणि ती घसरण पाहून अधिकारी आपल्या उपायांना यश आले असे समजतात. म्हणजे लोकमत हे साथीवर परिणाम करतेच, शिवाय ज्या काचेतून आपण साथ पाहतो ती काचही तेच घडवते. लोकमत समीकरणाबाहेर ठेवणाऱ्याला आपल्या हातातली आकडेवारी काय मोजते आहे, हेदेखील ठामपणे सांगता येणार नाही.

पुण्यात याचे टोक गाठले गेले. वॉल्टर रँड यांच्या प्लेग समितीने १८९७च्या वसंतात लष्करी शिपायांकरवी घरोघर झडती सुरू केली. शिपाई बुटांसकट देवघरापर्यंत जात, बायकांची तपासणी उघड्यावर होई, सामान बाहेर काढून जाळले जाई, भिंतींना चुना फासला जाई. संसर्गित माणूस शोधून वेगळा काढला की साखळी तुटते, हे त्यामागचे शास्त्रीय तत्त्व चुकीचे नव्हते, आणि टिळकांचाही विलगीकरणाला तात्त्विक विरोध नव्हता. त्यांनी स्वतः हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय चालवायला मदत केली आणि शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर टीका केली. त्यांचा आणि शहराचा संताप होता तो पद्धतीवर. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुढे मार्च १८९८मध्ये मुंबईत मदनपुऱ्यात प्लेगच्या पथकावरून दंगल उसळली आणि त्यानंतर सरकारला सक्ती हळूहळू सैल करावी लागली. विलगीकरणाने साथ किती टक्के कमी होईल, याचे कागदावरचे उत्तर एक असते. ते विलगीकरण कोण, कसे आणि कोणाच्या घरात घुसून करतो, हे लक्षात घेतल्यावर उत्तर दुसरेच येते. हा फरक भावनेचा नाही, हिशेबाचा आहे.

हा हिशेब प्रत्यक्षात कसा मांडतात, हे थोडे जवळून सांगतो. केर्मॅक-मॅकेंड्रिक यांच्या समीकरणात एक बाधित माणूस रोज किती जणांना रोग देतो, ते सांगणारा एक स्थिरांक असतो. मी विद्यार्थ्यांना हे शिकवतो तेव्हा आधी संगणकावरच्या साध्या तक्त्यात तो आकडा तसाच ठेवायला सांगतो. प्रत्येकाच्या पडद्यावर एकच गुळगुळीत टेकडी उमटते. मग एका ओळीत बदल करायला सांगतो. स्थिरांकाला एका राशीने भागायचे, आणि ती राशी गेल्या दोन आठवड्यांत नोंदलेल्या मृत्यूंबरोबर वाढणारी ठेवायची. एवढ्या एका बदलाने टेकडीचा माथा कापला जातो, तिथे लांबलचक पठार तयार होते. आणि मृत्यूची बातमी लोकांपर्यंत पोचायला लागणारा वेळ वाढवला, तर एका टेकडीच्या जागी दोन-तीन लाटा दिसू लागतात. मृत्यू वाढले, लोक सावध झाले, रोग उतरला, सावधपणा ओसरला, रोग पुन्हा चढला. विषाणू बदललेला नाही, ऋतू बदललेला नाही, तरीही लाट येते. १९७८ साली कपासो आणि सेरियो या इटलीतील दोन गणितज्ञांनी रुग्ण वाढल्यावर माणसे आपोआप जपून वागू लागतात, ही गोष्ट समीकरणात आणली. पुढे २००९च्या सुमारास जागरूकता हीच एखाद्या संसर्गासारखी माणसामाणसांत पसरते, असे मानून रोग आणि बातमी यांची दोन जाळी एकमेकांवर ठेवणारी मॉडेल आली. तेव्हा ही विद्या कोविडनंतर सुचलेली सारवासारव नाही.

आता त्या गाजलेल्या 'चुकलेल्या' भाकितांकडे वळू. १६ मार्च २०२० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात ब्रिटनमध्ये सुमारे पाच लाख दहा हजार आणि अमेरिकेत बावीस लाख मृत्यूंचा आकडा होता. एवढे मृत्यू त्या लाटेत झाले नाहीत म्हणून तो अहवाल आजही थट्टेचा विषय होतो. पण त्याच अहवालात एक अट होती, आणि ती बातम्यांतून गळून पडली: कोणतेही उपाय केले नाहीत आणि लोकांनीही आपणहून वागणे बदलले नाही, तर. असे घडणे संभवत नाही, हेही तिथेच लिहिलेले होते. आठवड्याभरात ब्रिटनमध्ये टाळेबंदी आली, आणि त्या निर्णयात अशा आकड्यांचा वाटा होता. जे भाकीत ऐकून लोक आणि सरकार वागणे बदलतात, ते भाकीत प्रत्यक्षात उतरले नाही म्हणून खोटे कसे ठरते?

इथे विरोधक एक रास्त हरकत घेतात. ते विचारतात, ही तर पळवाट झाली. अंदाज जुळला तर मॉडेल बरोबर आणि नाही जुळला तर लोकांनी ऐकले म्हणून, असे असेल तर मॉडेल कधी चुकणारच नाही, आणि जे कधीच चुकू शकत नाही ते विज्ञान कसले? हरकत खरी आहे, पण ती लोकमत बाहेर ठेवणाऱ्या मॉडेललाच लागू पडते. वागणूक समीकरणाबाहेर असेल तर ती हवी तेव्हा सबब म्हणून आत आणता येते. ती समीकरणात घातली की सबब सांगायची सोय संपते, कारण मग मॉडेलला एकाऐवजी दोन रेषा आधीच काढून द्याव्या लागतात: रुग्णांची आणि वागणुकीची. मृत्यू इतके झाले की बाजारातली वर्दळ इतक्या दिवसांनी इतकी घटेल, असे त्याला सांगावे लागते, आणि मोबाइल फोनच्या नोंदींवरून, रेल्वेच्या तिकिटांवरून, माणसांना विचारून ते तपासता येते. रुग्णांची रेषा योगायोगाने जुळली आणि वर्दळीची चुकली, तर मॉडेल पकडले जाते.

आपल्याकडची गोष्ट अधिक दुखरी आहे. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या समितीने ऑक्टोबर २०२०मध्ये सांगितले, की सर्व खबरदारी पाळली गेली तर फेब्रुवारी २०२१च्या अखेरीस साथ आटोक्यात येऊन अगदी कमी रुग्ण उरतील. सप्टेंबर २०२०मध्ये रोज ९७ हजारांच्या वर गेलेली देशातील रुग्णसंख्या फेब्रुवारीत रोज दहा-बारा हजारांपर्यंत उतरली, तेव्हा ते भाकीत खरे ठरत आहे असेच वाटत होते. त्याच महिन्यात अमरावती आणि अकोल्यात रुग्ण वाढू लागले, अमरावतीत पुन्हा टाळेबंदी आली, आणि ६ मे २०२१ रोजी देशात एका दिवसात चार लाख चौदा हजार रुग्ण नोंदले गेले. डेल्टा हा नवा आणि अधिक पसरणारा प्रकार त्यामागे होता, आणि लोकमताचे कोणतेही मॉडेल त्याचे आगमन सांगू शकले नसते, हे मी निःशंकपणे मान्य करतो. पण 'खबरदारी पाळली गेली तर' हे तीन-चार शब्द पुन्हा पाहा. साथ ओसरल्याची बातमी ऐकल्यावर लोक तीच खबरदारी किती काळ पाळतील, हा प्रश्न त्या गणितात नव्हता. अट आणि निष्कर्ष यांचे नाते उलटेही आहे; निष्कर्ष जाहीर होताच अट पाळली जाण्याची शक्यता कमी होते. दिलासा देणारे भाकीत स्वतःच साथीच्या कारणांत सामील होते, आणि हे हिशेबात न घेता ते प्रसिद्ध करणे ही लहान चूक नव्हे.

लोकमत मोजता येत नाही, त्यात इतके अज्ञात आकडे घालावे लागतात की कोणतीही रेषा कशावरही बसवता येईल, हा आक्षेप माझ्या मते सर्वांत प्रामाणिक आहे. अशी मॉडेल मी पाहिली आहेत, ज्यांत माणसाच्या मताला शून्य ते एकमधला अंक देऊन दहा-पंधरा स्थिरांक मनाने भरलेले असतात आणि निष्कर्ष मात्र तीन दशांश स्थळांपर्यंत सांगितलेला असतो. त्यांचा उपयोग नाही, हे उघडच म्हणावे. परंतु न मोजलेली गोष्ट समीकरणातून वगळली म्हणजे ती शून्य होत नाही. 'बदल शून्य' हाही एक मनाने भरलेला आकडाच आहे, आणि उपलब्ध पुरावा त्याच्या विरोधात आहे. शिवाय 'मोजता येत नाही' हे पूर्ण खरे नाही. युरोपातील आठ देशांत हजारो लोकांना रोजनिशी देऊन काल तुम्ही किती जणांशी बोललात, कोणाला स्पर्श केलात, ते नोंदवायला सांगितले गेले आणि २००८मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोविडमध्ये ब्रिटनने तीच पाहणी मार्च २०२०पासून पुन्हापुन्हा केली. विश्वास काय आहे, हे विचारायला तत्त्वज्ञान लागत नाही. ताप आला तर कुठे जाल, कोणाचे ऐकाल, तपासणीला तयार व्हाल का, असे तीन साधे प्रश्न पुरतात.

लसीकरणात तर रोग आणि मत यांची देवघेव इतकी स्पष्ट आहे की ती वगळणे अशक्य व्हावे. इंग्लंडमध्ये १९७४ साली डांग्या खोकल्याच्या लशीमुळे मुलांच्या मेंदूला इजा होते, अशी शंका घेणारा एक वैद्यकीय अहवाल आला. लसीकरण सुमारे ८० टक्क्यांवरून १९७८पर्यंत ३० टक्क्यांच्या आसपास घसरले. मग डांग्या खोकल्याच्या मोठ्या साथी आल्या, एकामागून एक, आणि त्या पाहून पालक पुन्हा लशीकडे वळले. १९९०च्या दशकात प्रमाण ९० टक्क्यांवर गेले. रोग दिसतो तेव्हा लस हवीशी वाटते; लशीने रोग दिसेनासा केला की लशीचे दुष्परिणामच तेवढे दिसत राहतात. हे लोक अडाणी होते का? क्रिस बाउख आणि डेव्हिड अर्न यांनी २००४मध्ये खेळ सिद्धान्त, म्हणजे इतरांचे निर्णय लक्षात घेऊन माणसे आपला निर्णय कसा घेतात याचे गणित, वापरून दाखवले, की प्रत्येक पालक केवळ आपल्या मुलाचा धोका तोलून अगदी तर्कशुद्ध निर्णय घेत असेल, तरीही लसीकरण समाजाला आवश्यक असलेल्या पातळीच्या खालीच थांबते, कारण इतरांनी लस घेतली असेल तर आपल्या मुलाला धोका कमीच असतो. म्हणजे 'लोक मूर्ख आहेत' हे स्पष्टीकरण लागतच नाही. ते न लागल्यामुळे उपायही बदलतो. शहाण्या माणसाला उपदेश करून भागत नाही, त्याच्यासमोरचा हिशेब बदलावा लागतो.

सरासरी इथे कशी फसवते, हे गोवरात दिसते. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या समाजात बारा ते अठरा जणांना रोग देतो, म्हणून साधारण ९२ ते ९५ टक्के लोक सुरक्षित असल्याशिवाय तो थांबत नाही. पण मते शहरभर सारखी पसरलेली नसतात. ती नात्यांतून, गल्लीतून, प्रार्थनास्थळातून, एकाच गावाहून आलेल्या माणसांतून गोळा होतात. शहराची सरासरी ९० टक्के असताना एखादी वस्ती ६० टक्क्यांवर असू शकते, आणि रोगाला तेवढी वस्ती पुरते. २०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत, तसेच भिवंडी आणि मालेगावात गोवराचा उद्रेक झाला. त्यावेळी वर्तमानपत्रांत 'लसविरोधी मानसिकता' हा शब्दप्रयोग भराभर वापरला गेला. लशीविषयीचा संशय तिथे होताच, ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र कोविडच्या काळात चुकलेले नियमित लसीकरण, कुपोषण, दाट वस्ती, कामासाठी सतत होणारे स्थलांतर हेही त्याच जागी होते. रोजंदारीवर जाणाऱ्या ज्या आईला मजुरी बुडवल्याशिवाय दवाखान्याच्या वेळेत जाता येत नाही, तिची अनुपस्थिती 'नकार' म्हणून नोंदवली गेली, तर ते मॉडेलही खोटेच होईल. लोकमत गणितात घ्या असे म्हणणाऱ्यांवर ही जबाबदारी अधिक आहे: प्रत्येक रिकाम्या रकान्याला मत समजायचे नाही.

हा भेद करून काम कसे होते, याचे उत्तम उदाहरण पोलिओचे आहे. २००९मध्ये भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, २०१०मध्ये ४२, आणि १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यातील एका मुलीनंतर नैसर्गिक विषाणूचा एकही नाही. उत्तर प्रदेश आणि बिहारच्या गल्ल्यांत पथके घरोघर जात आणि भिंतीवर खडूने खूण करीत. सगळ्या मुलांना डोस मिळालेल्या घरावर 'पी', आणि कोणी राहिले असेल तर 'एक्स'. ती 'एक्स'ची घरे मग पुन्हा वाटून घेतली जात. मूल आजोळी गेले आहे, आजारी आहे, की घरच्यांनी नकार दिला आहे, हे वेगवेगळे लिहिले जाई, आणि नकाराच्या घरी त्याच मोहल्ल्यातली बाई, ओळखीचा डॉक्टर किंवा मशिदीचा इमाम जात असे. डोसाने मुले वंध्य होतात, या अफवेला उत्तर त्या माणसांनी दिले. २०१०मध्ये आलेल्या सुधारित द्विसंयुजी (पोलिओ विषाणूच्या दोन प्रकारांवर चालणाऱ्या) लशीचा या यशात मोठा वाटा आहे. पण ती लस त्या दारातून आत गेली ती खडूच्या खुणांच्या मागे असलेल्या नोंदवहीमुळे. त्या नोंदवहीत रोगाची स्थिती आणि मताची स्थिती एकाच पानावर होती. गणितज्ञ ज्याला जोडलेले मॉडेल म्हणतात ते हेच. मुंबईतही प्लेगच्या काळात, हाफकिन यांनी तयार केलेल्या प्लेगच्या लशीकडे लोक संशयाने पाहत असताना, इस्माइली पंथाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर ती स्वतः टोचून घेतली होती. जाळ्यातल्या एका माणसाचे मत हजारांच्या मताइतके जड असू शकते, हे तेव्हाही माहीत होते.

शेवटचा आक्षेप मला रात्रंदिवस सतावणारा आहे. लोकमत मोजायचे म्हटले की मोजणारा कोण, हा प्रश्न येतो. ज्या सरकारला वस्तीवस्तीतला अविश्वास आकड्यांत दिसतो, ते तो दूर करण्यासाठी वापरेल की दडपण्यासाठी? महाराष्ट्रात मार्च २०२०मध्ये जो कायदा लागू झाला, तो रँडच्या वर्षीचाच, १८९७चा साथरोग कायदा. मूळच्या त्या चार कलमांत सरकारला काय करता येईल आणि न मानणाऱ्याला काय शिक्षा होईल, ते लिहिले आहे. लोकांना काय सांगितले जाईल, त्यांचे काय ऐकले जाईल, याविषयी एक अक्षर नाही. आरोग्य सेतू हे ॲप काही काळ कामाच्या ठिकाणी सक्तीचे झाले तेव्हा घेतलेल्या हरकती निराधार नव्हत्या. म्हणून लोकमताचे मापन पोलिसांच्या, गृहखात्याच्या किंवा प्रसिद्धी विभागाच्या हाती असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तसे झाले तर लोक पाहणीलाही खोटी उत्तरे देतील, आणि मृत्यू लपवणाऱ्या १८९६च्या मुंबईत आपण पुन्हा जाऊन पोचू. पण मापन न करण्याने सत्ता कमी होत नाही. रँडच्या हाती लोकमताचा एकही आकडा नव्हता, आणि त्याच्या शिपायांना त्याची गरजही वाटली नाही.

तेव्हा मागणी नेमकी असावी. आपल्या साथरोग सर्वेक्षणाच्या साप्ताहिक अहवालांत जिल्हा, रोग, रुग्ण, मृत्यू यांचे रकाने असतात. त्याच यंत्रणेला जोडून, वैद्यकीय महाविद्यालयांच्या जनआरोग्य विभागांनी दर तिमाहीला, साथ नसतानाही, नमुन्याने निवडलेल्या घरांना विश्वासाविषयीचे वर सांगितलेले तेच तीन प्रश्न विचारावेत. काल किती जणांशी संपर्क आला तेही विचारावे. माणसाचे नाव न ठेवता प्रभागवार आकडे त्याच दिवशी सर्वांसाठी खुले करावेत, म्हणजे सरकारला दिसेल तेच वस्तीलाही दिसेल. सप्टेंबर २०२०मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आपल्या पथकांनी तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन राज्यभर दारोदार फिरून दाखवले आहे. दारापर्यंत पोचण्याची ताकद आपल्याकडे आहे, आणि आशा सेविकांना या कामाचा वेगळा आणि वेळेवर मोबदला मिळाला तर ती टिकेलही. आणि पुढच्या साथीत एखादी समिती भाकीत जाहीर करील, तेव्हा तिच्या आलेखावर एकच रेषा असेल तर पत्रकारांनी दुसरी मागावी: हे ऐकल्यावर लोक जसे वागतील असे तुम्हाला वाटते, तसे ते वागले तर काय होईल, ती रेषा कुठे आहे?